डिप्रेशनची गोळी चालू असताना अमिनो आम्लाचं सप्लिमेंट: डबा उघडण्याआधी काय काय तपासायचं

डिप्रेशनवरची गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. मन बरंच सावरलेलं असतं, कामात लक्ष लागायला लागलेलं असतं, पण झोप अजून नीट येत नाही किंवा सकाळी अंगात त्राणच नसतं. अशा वेळी कुणीतरी सुचवतं, ट्रिप्टोफॅन घेऊन बघ, ५-एचटीपी घे, टायरोसिन घे. अमिनो आम्लंच तर आहेत, जेवणातून रोज पोटात जातात, त्यांनी काय बिघडणार? बऱ्याच ठिकाणी हे डबे चिठ्ठीशिवाय मिळतात. डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, कारण औषध म्हणून त्यांची गणतीच होत नाही.

पण यातली काही आम्लं म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा थेट कच्चा माल आहे आणि डिप्रेशनच्या गोळ्या नेमक्या त्याच रसायनांवर काम करतात. त्यामुळे काही जोड्या खरोखर धोकादायक ठरतात, काही टाळलेल्या बऱ्या असतात आणि बऱ्याचशा निरुपद्रवी असतात. कुठली जोडी कशात मोडते हे ठरवायला तीन गोष्टी नेमक्या माहीत हव्यात: गोळी कोणती, आम्ल कोणतं आणि आधीची एखादी गोळी अजून अंगात शिल्लक आहे का.

एक गोष्ट आत्ताच सांगतो. तुम्ही दोन्ही घेत असाल आणि थरथर, खूप घाम, ताप, गोंधळल्यासारखं होणं असं काही सुरू झालं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखान्यात जा. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि सप्लिमेंटचा डबा सोबत घ्या.

आधी शरीरात काय घडतं ते

या रसायनांपैकी एक म्हणजे सेरोटोनिन. ते शरीरात ट्रिप्टोफॅनपासून तयार होतं, तेही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात ट्रिप्टोफॅनचं ५-हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅन होतं, म्हणजेच ५-एचटीपी. दुसऱ्या टप्प्यात त्याचं सेरोटोनिन होतं आणि त्यासाठी ब६ जीवनसत्त्व लागतं. यातला पहिला टप्पा मुद्दाम संथ ठेवलेला आहे. तिथलं एन्झाइम ठरावीक वेगानेच काम करतं, म्हणून कच्चा माल कितीही ओतला तरी सेरोटोनिन त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय अन्नातल्या ट्रिप्टोफॅनचा अगदी थोडा अंश सेरोटोनिनकडे वळतो. प्रथिनं बांधण्यातून जे उरतं त्याचा बहुतांश भाग यकृतात किन्युरेनिन नावाच्या वेगळ्याच मार्गाने खर्च होतो.

५-एचटीपीचं तसं नाही. ते त्या संथ टप्प्याच्या पुढे जाऊनच शरीरात शिरतं. त्याची प्रथिनं बनत नाहीत, किन्युरेनिनकडेही ते जात नाही. त्याचं सरळ सेरोटोनिन होतं, मेंदूत आणि आतड्यातही. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन मेंदूबाहेर, मुख्यतः आतड्यात असतं. ५-एचटीपी घेतल्यावर अनेकांना आधी मळमळ आणि जुलाब होतात ते याचमुळे.

आता गोळीचं काम. चेतापेशीने सोडलेलं सेरोटोनिन काम झालं की परत पेशीत शोषलं जातं आणि तिथे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, ज्याला सगळे माओ म्हणतात, त्याचे तुकडे करतं. एसएसआरआय गटातल्या गोळ्या हे शोषण अडवतात. माओ इनहिबिटर तुकडे करणारं एन्झाइमच बंद पाडतात. म्हणजे गोळीने निचरा कमी केलेला असतो आणि सप्लिमेंट पुरवठा वाढवतं. ही गोष्ट प्रयोगातही दिसली आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५-एचटीपी दिल्यावर फ्लुओक्सेटिन (एक एसएसआरआय) घेणाऱ्यांच्या रक्तात कॉर्टिसोल आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे सेरोटोनिनचा जोर वाढला की वाढणारी दोन हार्मोन्स, जास्त वाढली. ट्रायसायक्लिक या जुन्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत तसं झालं नाही. एकच आम्ल, पण सोबतची गोळी बदलली की परिणाम बदलला.

पायरी १: तुमची गोळी कोणत्या गटातली आहे

पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेलं नाव असतं. ते सोडा, त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मूळ औषधाचं नाव कागदावर उतरवून घ्या.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन, फ्लुवॉक्सामिन हे एसएसआरआय. व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन हे एसएनआरआय. ते सेरोटोनिनसोबत नॉरअॅड्रेनालिन या दुसऱ्या रसायनाचंही शोषण अडवतात. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, नॉरट्रिप्टिलिन हे जुने ट्रायसायक्लिक. यात क्लोमिप्रामिन वेगळं लक्षात ठेवा, सेरोटोनिनवर त्याचा जोर सगळ्यात जास्त. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन आणि बुप्रोपिऑन यांची तऱ्हा ज्याची त्याची. बुप्रोपिऑन सेरोटोनिनला जवळजवळ हात लावत नाही, ते डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिनवर चालतं.

फेनेल्झिन, ट्रॅनिलसायप्रोमिन, आयसोकार्बोक्साझिड आणि मोक्लोबेमाइड हे माओ इनहिबिटर. आज ते कमी लिहून दिले जातात, पण तुमच्या कागदावर यातलं एखादं नाव आलं, तर ट्रिप्टोफॅन, ५-एचटीपी, टायरोसिन, फेनिलअॅलनिन ही चारही सप्लिमेंट्स तुमच्यासाठी बंद, असं धरून चाला.

कागद इथेच संपवू नका. सेरोटोनिन वाढवणारी किंवा माओ अडवणारी, पण डिप्रेशनची म्हणून कुणी ओळखत नाही अशी औषधंही आहेत. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आहे आणि ते माओला अडवतं. मिथिलीन ब्लूही अडवतं. पार्किन्सनसाठी दिली जाणारी सेलेजिलिन आणि रासाजिलिन त्याच घराण्यातली. दुखण्यावरचं ट्रामाडोल, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, गोळीला जोड म्हणून दिलेलं लिथियम आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, ही सगळी त्या यादीत हवीत. माझ्या मते घरातल्या यादीतून सर्वांत हमखास सुटतं ते खोकल्याचं सिरप. चार दिवसांपुरतं म्हणून कुणी ते मोजतच नाही.

पायरी २: डब्याची मागची बाजू

पुढच्या बाजूला "मूड", "शांत झोप", "फोकस", "रिकव्हरी" असे शब्द असतात, त्यावरून काहीच ठरवू नका. डबा उलटा करा आणि घटकांची यादी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

५-एचटीपी वेगवेगळ्या नावांनी लपलेलं असतं. कुठे पूर्ण नाव ५-हायड्रॉक्सीट्रिप्टोफॅन, कुठे ऑक्सिट्रिप्टान, तर कुठे फक्त "ग्रिफोनिया बियांचा अर्क". ग्रिफोनिया सिम्प्लिसिफोलिया हे पश्चिम आफ्रिकेतलं झुडूप आणि त्याच्या बियांतूनच बाजारातलं बहुतेक ५-एचटीपी काढलं जातं. "वनस्पतिजन्य" हा शब्द वाचून निर्धास्त झालेला माणूस इथेच फसतो. सॅमीचं पूर्ण नाव एस-अॅडेनोसिल मेथिओनिन. एन-अॅसिटिल-एल-टायरोसिन हे टायरोसिनचंच रूप. डीएल-फेनिलअॅलनिन म्हणजे फेनिलअॅलनिन.

समजा, झोपेसाठीच्या एका डब्यावर पुढे लिहिलंय "१०० मिग्रॅ ५-एचटीपी". मागे पाहिलं तर एक मात्रा म्हणजे दोन कॅप्सूल, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ५० मिग्रॅ. त्याखालच्या ओळीत ब६. त्याखाली मेलाटोनिन. आणि सगळ्यात खाली "विशेष मिश्रण ४०० मिग्रॅ" असं लिहून पाच वनस्पतींची नावं, कुणाचं प्रमाण किती ते कुठेच नाही. अशा डब्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ज्यात प्रमाण सांगितलेलं नाही ते मिश्रण डिप्रेशनची गोळी चालू असताना घेऊच नये. त्यात नेमकं काय किती गेलं हे कळत नसेल, तर पुढे काही झाल्यावर डॉक्टरांनाही उलगडा करता येत नाही. याच डब्यातलं मेलाटोनिनही बिनमहत्त्वाचं नाही. फ्लुवॉक्सामिन यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम अडवतं, त्यामुळे मेलाटोनिनची रक्तातली पातळी नेहमीपेक्षा कितीतरी वर जाते.

व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींनाही हेच लागू. त्यात अमिनो आम्लांची लांबलचक यादी असते, पण गडबड करतं ते अनेकदा कॅफिन. फ्लुवॉक्सामिन घेणाऱ्याच्या शरीरात कॅफिन कित्येक पट जास्त वेळ रेंगाळतं. धडधड आणि अस्वस्थता सुरू झाली की दोष मात्र आम्लाला किंवा गोळीला दिला जातो.

पायरी ३: जोडी जुळवून बघा

सगळ्यात गंभीर जोडीपासून सुरुवात करू. माओ इनहिबिटर आणि ट्रिप्टोफॅन यांचं वैर जुनं आहे. १९६० साली ओट्स आणि शोर्ड्स्मा या संशोधकांनी माओ इनहिबिटर घेणाऱ्या रुग्णांना ट्रिप्टोफॅन दिल्यावर मज्जासंस्थेवर काय परिणाम होतात याची नोंद केली. सेरोटोनिनचा जोर अति वाढून होणाऱ्या ज्या आजाराला आज आपण सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतो, त्याचं माणसातलं ते अगदी सुरुवातीचं वर्णन. या जोडीत कच्चा माल येत राहतो आणि तुकडे करणारं एन्झाइम बंद असतं. ५-एचटीपीच्या बाबतीत तर संथ टप्प्याचा अडसरही नाही. इथे "थोडंसं घेऊन बघू" याला जागा नाही.

टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन यांचा धोका वेगळ्या बाजूने येतो. फेनिलअॅलनिनचं टायरोसिन होतं, टायरोसिनपासून डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन बनतात. माओ इनहिबिटरसोबत रक्तदाब एकाएकी भडकण्याची भीती असते. मुरलेल्या चीजमधल्या टायरामिनमुळे या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब चढतो, हे १९६० च्या दशकात लक्षात आलं, आणि टायरामिन हे टायरोसिनपासूनच बनणारं रसायन. डोकं फुटेल असं दुखणं, मान आखडणं, छातीत धडधड ही त्याची खूण.

आता ज्यांच्यासाठी हा प्रश्न सर्वाधिक येतो ती जोडी: एसएसआरआय किंवा एसएनआरआय आणि सोबत ट्रिप्टोफॅन किंवा ५-एचटीपी. १९८६ मध्ये फ्लुओक्सेटिनसोबत ट्रिप्टोफॅन घेतलेल्या पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. त्यांना तळमळ, अस्वस्थता आणि पोटाच्या तक्रारी सुरू झाल्या. फ्लुओक्सेटिनच्या अधिकृत माहितीपत्रकात या पाच जणांचा उल्लेख पुढे आला. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीचा परिणाम पुरेसा होत नसलेल्या रुग्णांना मुद्दाम ट्रिप्टोफॅनची जोड दिलेली आहे, आणि या जोडीने जिवावर बेतल्याच्या नोंदी माओ इनहिबिटरच्या तुलनेत फारच कमी आहेत. पण ती जोड देणारा डॉक्टर मात्रा ठरवतो, रुग्णाला बोलावून तपासतो, बाकीची औषधं पाहतो. स्वतःच्या मनाने डबा उघडणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणून या जोडीबद्दल माझा सल्ला: ५-एचटीपी स्वतःहून घेऊ नका, ट्रिप्टोफॅन फक्त गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने.

मग जेवणातल्या ट्रिप्टोफॅनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. जेवणाची काळजी करू नका. प्रौढ माणसाची रोजची गरज वजनाच्या दर किलोला साधारण ४ मिग्रॅ, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० मिग्रॅ. जेवणात ते इतर आम्लांच्या सोबत येतं आणि मेंदूत शिरायला या सगळ्या मोठ्या आम्लांना एकच दार आहे. ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फेनिलअॅलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन हे सगळे त्या दारापाशी गर्दी करतात आणि त्यात ट्रिप्टोफॅनची संख्या सगळ्यात कमी. रिकाम्या पोटी घेतलेली ५०० किंवा १००० मिग्रॅची नुसत्या ट्रिप्टोफॅनची कॅप्सूल मात्र त्या दाराशी जवळजवळ एकटीच पोहोचते. जेवणात आहे म्हणून गोळीतही चालेल, हा हिशेब इथे चुकतो.

याच गर्दीमुळे बीसीएए पावडर घेणाऱ्यांना एक उलट प्रश्न पडतो: ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ट्रिप्टोफॅनला मागे ढकलतील का? हा प्रश्न हास्यास्पद नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डिप्रेशनमधून सावरलेल्या आणि गोळी चालू असलेल्या रुग्णांना सुमारे १०० ग्रॅम अमिनो आम्लांचं असं पेय दिलं, ज्यात ट्रिप्टोफॅन मुद्दाम वगळलं होतं. बऱ्याच जणांची लक्षणं काही तासांत परत आली आणि नेहमीचा आहार सुरू झाल्यावर ओसरली. पण ते पेय १०० ग्रॅमचं होतं, त्याच्या आदल्या दिवसाचा आहारही कमी ट्रिप्टोफॅनचा ठेवलेला होता. व्यायामानंतरचे पाच-दहा ग्रॅम बीसीएए आणि सोबत नीट जेवण, याची त्याच्याशी बरोबरी होत नाही. जेवण टाळून दिवसभर नुसत्या बीसीएएवर किंवा कोलाजेन पावडरीवर राहणं मात्र डिप्रेशनच्या रुग्णाने टाळावं. कोलाजेनमध्ये ट्रिप्टोफॅन मुळीच नसतं.

सॅमी हे काटेकोरपणे अमिनो आम्ल नव्हे, मेथिओनिनपासून बनलेलं संयुग. ते स्वतःच डिप्रेशनवर वापरलं जातं आणि डॉक्टरांनी एसएसआरआयसोबत जोड म्हणूनही तपासलं आहे. दोन गोष्टींसाठी जपायचं. क्लोमिप्रामिनसोबत सेरोटोनिन सिंड्रोमसारखी लक्षणं दिसल्याची नोंद आहे. आणि बायपोलर आजार असलेल्यांत त्याने मेनिया उसळू शकतो. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता चार-पाच दिवस प्रचंड उत्साहात गेले असतील, पैसे उधळले असतील, तर ही माहिती डॉक्टरांना आधी द्या आणि सॅमीचा विचार नंतर करा.

टायरोसिन किंवा फेनिलअॅलनिन आणि बुप्रोपिऑन किंवा व्हेनलाफॅक्सिन, या जोडीत संकट ओढवल्याचे पुरावे नाहीत, पण दोन्ही बाजू नॉरअॅड्रेनालिनकडे झुकतात. झोप उडणं, चिडचिड, धडधड वाढू शकते. व्हेनलाफॅक्सिन मोठ्या मात्रेत स्वतःच रक्तदाब वाढवतं, त्यामुळे रक्तदाब मोजत नसाल तर ही जोडी नको. फिनाइलकीटोन्युरिया (फेनिलअॅलनिन पचवता न येणारा जन्मजात आजार) असलेल्यांना फेनिलअॅलनिन पूर्णपणे वर्ज्य, गोळी असो वा नसो.

राहिलेल्यांचं थोडक्यात. थिअॅनिन सौम्य आहे; मिर्टाझापिन किंवा ट्रॅझोडोनसोबत गुंगी थोडी वाढू शकते. एन-अॅसिटिल सिस्टिनचं डिप्रेशनच्या गोळ्यांशी ठळक भांडण नाही, हृदयाच्या दुखण्यावरच्या नायट्रोग्लिसरिनशी आहे: रक्तदाब उतरतो, डोकं दुखतं. आर्जिनिन आणि सिट्रुलिन रक्तवाहिन्या सैल करतात. ट्रायसायक्लिक किंवा ट्रॅझोडोनमुळे उठताना आधीच चक्कर येत असेल तर ती वाढेल. ग्लायसिन आणि लायसिन यांच्याबाबत नेहमीच्या मात्रेत काळजीचं कारण नाही. क्रिएटिन घेत असाल आणि लिथियमही चालू असेल, तर रक्त तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. क्रिएटिनने रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि लिथियमने मूत्रपिंड बिघडल्याचा खोटा संशय येतो.

ट्रिप्टोफॅनबद्दल एक इतिहास माहीत असावा. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफॅन घेणाऱ्यांत स्नायूंच्या तीव्र वेदना आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढणं असा आजार पसरला. दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले, तिसाहून अधिक दगावले. तपासात धागा जपानमधल्या एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत आणि त्यातल्या अशुद्धतेपर्यंत पोहोचला. तो गोळीशी झालेला संयोग नव्हता. पण सप्लिमेंटची शुद्धता कुणी तपासली, हा प्रश्न त्या घटनेने कायमचा उभा केला. बाहेरच्या प्रयोगशाळेने तपासल्याची खूण असलेला डबा घ्यावा असं मी आग्रहाने सांगतो ते त्यासाठी.

पायरी ४: गोळी बंद केली म्हणजे ती अंगातून गेली असं नाही

"गोळी मागच्या आठवड्यात बंद झाली, आता सप्लिमेंट चालेल ना?" याचं उत्तर गोळीवर अवलंबून असतं. औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला जेवढा वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात आणि साधारण पाच अर्धायुष्यं उलटली की औषध गेलं असं धरतात. सर्ट्रालिनचं अर्धायुष्य २६ तासांच्या आसपास, म्हणजे पाच-सहा दिवस. फ्लुओक्सेटिनचं अर्धायुष्यच रोज घेणाऱ्यात चार ते सहा दिवस आणि त्यापासून यकृतात बनणारं नॉरफ्लुओक्सेटिन त्याहून चिवट, चार ते सोळा दिवस. म्हणूनच फ्लुओक्सेटिन थांबवल्यावर माओ इनहिबिटर सुरू करण्याआधी किमान पाच आठवडे थांबायचा नियम आहे. ५-एचटीपीसाठीही फ्लुओक्सेटिनच्या माणसाने हीच मुदत पाळावी असं मला वाटतं.

फेनेल्झिन आणि ट्रॅनिलसायप्रोमिन यांचं गणित आणखी वेगळं. त्या गोळ्या रक्तातून लवकर जातात, पण एन्झाइमला कायमचं निकामी करून जातात. शरीर नवीन एन्झाइम तयार करेपर्यंत दोन आठवडे लागतात. तोवर गोळी अजून चालूच आहे, असं समजून वागायचं.

आणि हे जरूर वाचा: सप्लिमेंट घेता यावं म्हणून गोळी स्वतःहून थांबवू नका. पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडल्यावर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं, अनावर रडू येणं असा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकतो, आणि मूळ आजार उलटण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

पायरी ५: डॉक्टरांशी बोलणं

तोंडी सांगायला गेलं की अर्धं विसरतं. एका कागदावर असं लिहून न्या:

"एसिटालोप्राम १० मिग्रॅ, रात्री, चार महिने. रक्तदाबाची गोळी सकाळी. डोकं दुखलं तर ट्रामाडोल, महिन्यातून एक-दोनदा. घ्यायचं मनात आहे ते: ट्रिप्टोफॅन ५०० मिग्रॅ. कारण: पहाटे तीनला जाग येते, पुन्हा झोप लागत नाही. डब्याचा मागचा फोटो मोबाइलमध्ये आहे."

या कागदातला सगळ्यात मोलाचा शब्द म्हणजे "कारण". पहाटेची जाग हे डिप्रेशन अजून पूर्ण न सुटल्याचं लक्षण असू शकतं किंवा गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला हवी एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. अंगात त्राण नसणं थायरॉइडमुळे असेल, रक्त कमी असल्यामुळे असेल. सप्लिमेंटने ते झाकलं जातं आणि तपासणी मागे पडते. गोळीचा उपयोगच होत नाही असं वाटत असेल तर तेच स्पष्ट सांगा. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते, समुपदेशनाची जोड देता येते. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर ते पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत राखून ठेवू नका, आजच कुणाला तरी सांगा.

डॉक्टर रागावतील या भीतीने अनेक जण गप्प बसतात. एखादे डॉक्टर झिडकारतीलही. तसं झालं तर औषधं देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. औषधांचे आपसातले परिणाम तपासणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे.

पायरी ६: संमती मिळाली आणि घ्यायचं ठरलं, तर

एका वेळी एकच नवीन गोष्ट. त्याच आठवड्यात गोळीची मात्रा वाढली असेल तर सप्लिमेंट पुढे ढकला, नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला ते कळणार नाही. सर्वांत कमी मात्रेने सुरुवात करा. पहिला दिवस असा निवडा, की पुढचे चोवीस तास घरात कुणीतरी सोबत असेल आणि लांब गाडी चालवायची नसेल. सेरोटोनिन सिंड्रोमची बहुतेक प्रकरणं मात्रा बदलल्यापासून एका दिवसात, त्यातली बरीचशी पहिल्या सहा तासांतच दिसून येतात. घरच्या माणसाला खालची लक्षणं आधीच वाचायला द्या, कारण गोंधळलेल्या माणसाला स्वतःचा गोंधळ ओळखता येत नाही.

चार आठवड्यांनी फरक नसेल तर बंद करा. उपयोग नसलेलं सप्लिमेंट "असू दे" म्हणून चालू ठेवण्यात फक्त धोका उरतो.

धोक्याची लक्षणं ओळखणं

एसएसआरआय सुरू करताना थोडी मळमळ, हलका हात थरथरणं, अस्वस्थता ही नेहमीची गोष्ट आहे आणि ती हळूहळू ओसरते. सेरोटोनिन सिंड्रोम वेगळा वागतो. तो तासातासाला वाढतो आणि मन, स्नायू आणि शरीराचा आतला कारभार अशा तिन्हीकडे एकदम दिसतो. माणूस एका जागी बसू शकत नाही, असंबद्ध बोलतो. घामाने कपडे भिजतात, जुलाब लागतात, नाडी धावते, बाहुल्या मोठ्या होतात. पाय नकळत उडायला लागतात.

डॉक्टर यात एक खास तपासणी करतात. रुग्णाचा गुडघा किंचित वाकवून पाय सैल ठेवतात आणि तळवा हाताने झटकन वर, नडगीच्या दिशेने दाबून धरतात. निरोगी पाय तिथेच थांबतो किंवा एखाद-दुसरा झटका देऊन शांत होतो. या आजारात पाऊल लयीत वर-खाली उडत राहतं, हाताचा दाब तसाच धरून ठेवला तरी थांबत नाही. याला क्लोनस म्हणतात आणि तो हातांपेक्षा पायांत जास्त ठळक असतो. २००३ साली ठरवलेल्या हंटर निकषांत निदानाचा मुख्य आधार तोच आहे. घरी तपासत बसू नका. पण दवाखान्यात "पाय आपोआप उडतायत" असं आवर्जून सांगा, त्याने निदान लवकर होतं.

अंग कडक होणं, ताप वेगाने चढणं, भान हरपणं ही आणीबाणी आहे. पुढची गोळी, पुढची कॅप्सूल, दोन्ही थांबवा आणि रुग्णवाहिका बोलवा. ताप उतरावा म्हणून पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. तो ताप स्नायूंच्या अतिश्रमातून येतो, त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. दवाखान्यात डायझेपामसारखी औषधं, सलाइन आणि गरज पडल्यास सायप्रोहेप्टाडिन देतात. वेळेत पोहोचलेले बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत सावरतात. फ्लुओक्सेटिनसारखं चिवट औषध असेल तर वेळ जास्त लागतो.

आधीपासूनच दोन्ही घेत असाल तर

गोळी माओ इनहिबिटर असेल तर सप्लिमेंट आत्ताच थांबवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा, त्रास होत नसला तरी.

एसएसआरआय किंवा एसएनआरआयसोबत ५-एचटीपी किंवा ट्रिप्टोफॅन काही आठवडे चालू आहे आणि काही जाणवत नाही, असं असेल तर घाबरून गोळी बंद करू नका. सप्लिमेंट थांबवा आणि डॉक्टरांना किती, केव्हापासून ते सांगा. हे सांगणं दोन कारणांनी गरजेचं आहे. एक म्हणजे, तुमची आत्ताची प्रकृती पाहून डॉक्टर गोळीची मात्रा ठरवतायत, पण त्यात सप्लिमेंटचा वाटा किती हे त्यांना ठाऊक नाही. ते थांबवल्यावर मन पुन्हा खाली गेलं तर त्याचा अर्थ त्यांना लावता यायला हवा. दुसरं, आजवर निभावलेली जोडी तिसरं काही आलं की बिघडू शकते: गोळीची वाढलेली मात्रा, दातदुखीवर मिळालेलं ट्रामाडोल, खोकल्याचं सिरप, ऑपरेशनच्या वेळचं पेथिडीन. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांनी विचारो न विचारो, डब्याचं नाव त्यांच्या कागदावर लिहून घ्यायला लावा. लघवीतली ५-एचआयएए (सेरोटोनिन तुटून बनणारं रसायन, काही गाठींच्या शोधासाठी मोजतात) तपासणी सांगितली असेल तर तेही कळवा. ५-एचटीपीने तो आकडा वाढतो आणि नसलेल्या गाठीचा शोध सुरू होतो.